आवाज कमी येऊन राह्यला

धाडच्या स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीची दुकानं बरीच आहेत, पण बाईमाणूस चालवते असं एकच, डिंपलचं. ती मूळची सुलतानपूरची. लग्न होऊन धाडला आली तेव्हा सासरी मिरची-वांग्याची शेती होती आणि नवरा हर्षल भाजीची गाडी घेऊन बुलढाण्याच्या बाजारात जायचा. डिंपलला मातीचा कंटाळा नव्हता, शेणाचाही नव्हता. पण माणसांच्या अंगातून निघणाऱ्या घाणीची तिला लहानपणापासून विलक्षण किळस. पंगतीत शेजारच्यानं बोटं चाटली की तिचं जेवण तिथंच संपायचं. सासूबाई, सत्यभामाबाई, सुरुवातीला शेजारणींना सांगायच्या, "आमची सून पान्याचा गिलास आधी धुते, मंग पाहते, मंग पुन्हा धुते, मंग पेते." अशा बाईनं बुलढाण्याला जाऊन दुरुस्तीचा कोर्स केला आणि पत्र्याचं दुकान टाकलं, ते एवढ्यासाठी की हा धंदा तिला स्वच्छ वाटला. काचा, तारा, बारीक स्क्रू. बसायला खुर्ची, डोक्यावर पंखा. यात घाण ती कसली?

लोकांच्या कानातला मळ आपल्या टेबलावर येणार आहे, हे तिला कोर्समध्ये कोणी सांगितलं नव्हतं.

दुकान सुरू झालं तेव्हा गिऱ्हाईक फुटलेल्या काचा घेऊन यायचं, चार्जिंगची खराब पिन घेऊन यायचं. मग गावात कानात घालायचे ते बिनतारेचे बड आले. शेतात फवारणी करणारा, दुधाचे कॅन वाहणारा, कॉलेजात जाणारी, टपरीवर पान लावणारा, सगळ्यांच्या कानात पांढरं नाहीतर काळं बोंडुक. आणि थोड्याच दिवसांत एकेक जण ते बोंडुक शर्टाच्या खिशातून काढून तिच्या काउंटरवर टाकू लागला. तक्रार ठरलेली. "मॅडम, आवाज कमी येऊन राह्यला."

डिंपल भिंगाखाली धरून पाहायची. आवाज यायची जाळी पिवळ्या-तपकिरी मेणानं लिंपलेली. त्यात तंबाखूची पूड, उसाच्या भुशाचे कण, एखादा केस. रबरी टोपी काढली की आतून चिकट तार निघायची. पहिल्यांदा तिला खरोखर ओकारी आली होती. ती मागच्या दारानं जाऊन नळाखाली तोंड धुऊन आली होती. पुढं तिनं हातमोजे घेतले, तोंडाला मास्क लावला, स्पिरिटची बाटली आणि लहान मुलांच्या दातांचा मऊ ब्रश ठेवला. तरी किळस काही गेली नाही. दोन मित्र एकच जोडी वाटून वापरायचे, एकानं कानातून काढलं की दुसऱ्यानं तसंच घालायचं. कोणी साफ करायला म्हणून बड तोंडात धरून फुंकर मारायचा, मग पँटला पुसून तिच्या हातात द्यायचा. "अहो, कागदात गुंडाळून आणत जा," ती म्हणायची. लोक हसायचे. "मॅडमले घान वाटते."

साफ केल्यावर तपासून द्यावं लागायचं. डिंपल आपली वेगळी ठेवलेली रबरी टोपी बडला लावायची आणि डाव्या कानात घालायची. डाव्याच, कारण उजव्या हातात ब्रश नाहीतर चिमटा असायचा. गिऱ्हाईकाची तक्रार आवाज पूर्ण मोठा केल्यावरची, म्हणून तीही आवाज पूर्ण मोठा करायची. मग त्याच्याच फोनमधलं त्याच्याच आवडीचं काहीतरी वाजायचं. जुन्या गाण्याला धडाधड ठोके लावलेलं, बाईचा आवाज चिरकवलेला, मधेच कोणीतरी गावाचं नाव घेऊन किंचाळणारं. कानात कोणी हातोडी घातल्यासारखं व्हायचं. ती बड उपसून काढायची. "चालते. घेऊन जा."

दिवसभर हेच. बाजाराच्या दिवशी तर रांग लागायची.

या रांगेतला एक जण म्हणजे पंजाबराव. धाड-बुलढाणा जीप चालवायचा. चाळिशी उलटलेला, अंगानं भरलेला, स्वभावानं हसरा माणूस. जीपमध्ये डेक होताच, पण पॅसेंजर कुरकुर करतात म्हणून त्यानं कानात बड घालायला सुरुवात केली होती. इंजिनाचा खडखडाट जुन्या जीपला भरपूर, त्याच्यावर गाणं ऐकू यायचं तर आवाज वाढवायलाच लागतो. तसा तो वाढवत गेला. आता त्याचं म्हणणं असं की बड खराब झाला.

डिंपलनं साफ करून दिला. आठवड्याच्या आत तो परत आला. तिनं पुन्हा पाहिलं, जाळी स्वच्छ होती. "भाऊ, याच्यात काही नाही झालेलं."

"कसं नाई झालं? मले ऐकू येऊन नाई राह्यलं ना."

तिनं कानात घालून पाहिलं आणि डोळे मिटले. डोक्याच्या आरपार काहीतरी गेलं. "भाऊ, मले तर फाटेपर्यंत येऊन राह्यलं."

पंजाबराव कपाळाला आठ्या घालून तिच्या ओठांकडे पाहत होता. "काय म्हनलं?"

त्यानं तिच्याकडूनच नवीन जोडी घेतली. तीही घेऊन परत आला. या खेपेला बाजाराचा दिवस होता आणि दुकानाच्या पायरीला लागून तानाबाई नेहमीसारखी वांगी-टमाट्यांचा ढीग लावून बसली होती. पंजाबराव काउंटरवर हात आपटून म्हणाला, "वहिनी, तुम्ही साफ लुटून राह्यल्या गरीब मानसाले. नवा माल बी खराबच देला."

डिंपलचा पारा चढला. आवाजच चढला, खरं तर. पंजाबरावशी बोलताना तो आपोआप चढायचा. तिनं बड स्पिरिटनं पुसला, नवी टोपी लावली आणि खाली तानाबाईला दिला. "मावशी, जरा कानापाशी धरून सांगा बरं, येते का आवाज."

तानाबाईनं तो कानाशी नेला आणि विंचू चावल्यासारखा फेकून दिला. "अरे तुहं मढं बशिवलं! कान फोडते काय माह्या?" बड टमाट्यांत जाऊन पडला. तिथूनही गाणं ऐकू येत होतं. बाजारातली माणसं हसायला लागली. कोणी म्हणालं, "बड चांगला आहे बे, पंजाबरावच्या कानाचं भोंगं गेलं." पुन्हा हशा.

पंजाबरावही हसला. सगळे हसतात म्हणून हसला. का हसतात ते त्याला कळलं नव्हतं. एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे त्याची नजर फिरत होती. डिंपलला एकदम शरम वाटली, आणि शरमेच्या खाली शिसारीही, त्या हसणाऱ्या तोंडांची. तिनं बड उचलला, पुसला, त्याच्या हातात ठेवला आणि तोंडापुढं तोंड नेऊन हळू, सुटं सुटं म्हणाली, "भाऊ, कान दाखवा डॉक्टरले."

हे मात्र त्याला कळलं. तो तडकून निघून गेला.

त्याच्या पुढच्याच बाजाराला ते घडलं. दुपारची वेळ. स्टँडवर एसटी आत शिरत होती, म्हणून पंजाबरावनं जीप मागं घ्यायला सुरुवात केली. मागं तानाबाई. आधी लोकांनी साधी हाक मारली. मग ओरडले. मग पत्र्यावर थापा मारल्या. डिंपल काउंटरवरून अर्धी बाहेर झुकून "भाऊ! ओ भाऊ!" करत होती. जीप सावकाश, अगदी निवांत मागं येत राहिली. टमाटे चिरडल्याचा आवाज झाला, आणि मग तानाबाईचा. चाक तिच्या पावलावरून गेलं होतं.

लोकांनी पंजाबरावला ओढून खाली काढलं. कोणीतरी थोबाडीत दिली. त्याच्या कानातला बड उडून डांबरावर पडला आणि तिथं पडूनही वाजत राहिला, इतका की एवढ्या गलक्यात त्यातले ठोके मोजता आले असते. "मले कोनी आवाजच नाई देला," पंजाबराव म्हणत होता. "देवाशपथ सांगतो, कोनी आवाज नाई देला."

"खोटं बोलते हरामखोर!" म्हणून पुन्हा एक बसली.

तो खोटं बोलत नव्हता. डिंपल गर्दीत घुसून हेच सांगत होती, "अहो, त्याले ऐकू नाही येत, मारू नका." पण तिचंही कोणाला ऐकू येत नव्हतं. निम्म्या लोकांच्या हातात मोबाईल होते आणि ते वर धरलेले होते. तानाबाई चिखल झालेल्या टमाट्यांत पडून पाय धरून कण्हत होती आणि एक माणूस तिच्या तोंडाजवळ मोबाईल नेऊन शूटिंग घेत होता. डिंपलनं त्याचा हात झटकला. मग दोघी-तिघींनी मिळून तानाबाईला रिक्षात घातलं. पावलाची हाडं मोडली होती. बुलढाण्याला नेऊन प्लास्टर घातलं. पोलिसांत नोंद झाली, जीप ठाण्यासमोर उभी राहिली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं.

चार-पाच दिवसांनी एक तरणा माणूस बड घेऊन दुकानात आला. आवाज कमी येतो. डिंपलनं साफ केला. "याच्यावर चेक करा मॅडम, फुल्ल बेस आहे," म्हणत त्यानं आपला मोबाईल पुढं केला. डिंपलनं बड डाव्या कानात घातला. धाड्, धाड्, धाड्. आणि त्या ठोक्यांत मधूनमधून एक बाई ओरडत होती, "आव माय वं!" पुन्हा, "आव माय वं!" तालावर, कापून कापून बसवलेलं. डिंपलनं पडद्याकडे पाहिलं. तानाबाईचं तोंड होतं. चाक, टमाटे, तोंड. चाक, टमाटे, तोंड. कोणीतरी त्या शूटिंगला ठोके लावून गाणं बनवलं होतं आणि ते तालुकाभर फिरत होतं.

"भारी बनवलं ना?" तो तरणा म्हणाला.

डिंपलनं बड काढला. इतकी वर्षं लोकांच्या कानातली घाण ब्रशनं काढली, पण अशी घाण तिनं पाहिली नव्हती. "निघ," ती म्हणाली. "उचल तुहं आणि निघ इथून. पुन्हा पायरी चढला तर खेटर मारीन."

"मॅडम, मी थोडी बनवलं ते—"

"ऐकतं कोन? तूच ना? निघ!"

सत्यभामाबाई दुपारचा डबा घेऊन आल्या होत्या. त्या दारातच थबकल्या. सुनेला असं बोलताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

त्याच आठवड्यात पंजाबरावची बायको, छाया, दुकानात आली. पदर तोंडाशी धरून बाजूला उभी राहिली आणि गिऱ्हाईक गेल्यावर बोलायला लागली. घरात टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारी भिंतीवर मारतात. मी मागून बोलले तर कळत नाही. कळत नाही म्हणून चिडतात, चिडतात म्हणून मी बोलत नाही. आता जीपही नाही, दिवसभर खाटेवर बसून असतात. "तुम्ही म्हनलं होतं ना त्याईले, कान दाखवा म्हनून? त्या दिवशी घरी येऊन तुम्हाले लय शिव्या देल्ल्या. पन आता सोता म्हनते, ते बाई खरं बोलली होती. तुम्ही संगं चाला ना वहिनी. डॉक्टर काय म्हनते ते मले समजनार नाई आन् त्याईले ऐकू येनार नाई."

डिंपलला सुटे भाग आणायला बुलढाण्याला जायचंच होतं. तिघं एसटीनं गेली.

कानाच्या डॉक्टर वयस्क बाई होत्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी आधी पंजाबरावचे कान साफ केले. डिंपलनं तोंड फिरवलं. मग त्याला एका काचेच्या, आवाजबंद खोलीत बसवून कानांवर जाड हेडफोन चढवले. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. पंजाबराव बटण धरून बसला होता, एखादा हुशार विद्यार्थी बसतो तसा ताठ. बराच वेळ त्याचा अंगठा हललाच नाही. मशीनवर आवाज जात होते, हे बाहेरून दिसत होतं. तो आपला वाट पाहत होता. छाया काचेतून पाहत होती. तिनं पदर तोंडात कोंबला.

डॉक्टरीण बाईंनी कागदावर काढून दाखवलं. कानाच्या आत, पार आत, फार बारीक केसांसारख्या पेशी असतात. आवाज आला की त्या हलतात आणि मेंदूला कळतं. सारखा मोठा आवाज आदळला की त्या मरतात. मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत, त्याला औषध नाही. आधी बारीक, टोकदार आवाज जातात. पाखरं, घंटी, स, श, त, फ. "म्हणजे कोणी बोलतंय हे यांना कळतं," त्या म्हणाल्या, "पण काय बोलतंय ते कळत नाही. मग माणसाला वाटतं, समोरचा पुटपुटतो. किंवा मशीन बिघडलंय."

"आवाज वाढवला की बरं वाटायचं," पंजाबराव म्हणाला. छायानं त्याच्या कानाशी ओरडून बाईंचं बोलणं पोचवलं होतं.

"वाढवायचे, आणि उरलेल्या मरायच्या."

छाया म्हणाली, "मंग गानंच ऐकू नाई काय मानसानं?"

"ऐकावं की. मीही ऐकते. पण फोनचा आवाज निम्म्याच्या थोडा वर, त्याच्या पुढं नाही. मधे मधे कानाला सुट्टी. आजूबाजूला गडबड असली तर वर आवाज चढवत बसायचं नाही, सरळ बंद करायचं. गाडी चालवताना तर नाहीच. आणि हातभर लांब उभ्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर त्या जागेतून निघायचं. डीजेच्या भिंतीसमोर कापूस कोंबून काही होत नाही, फोमचे बोळे मिळतात ते घालायचे आणि लांब जायचं. आणि ऐकून झाल्यावर कानात सूं वाजलं, तर समजायचं की आज काहीतरी मेलं."

डिंपल मान डोलावत ऐकत होती. शेवटच्या वाक्याला तिची मान थांबली.

"ते सूं," ती म्हणाली, "ते तर सगळ्यांनाच वाजतं ना? संध्याकाळी, घरी गेल्यावर?"

डॉक्टरीण बाईंनी चष्मा वर केला. "तुम्हाला रोज वाजतं?"

"डाव्या कानात. दुकान बंद केलं की. आता आता सकाळीही असतं."

"काय काम करता?"

डिंपलनं सांगितलं. सांगता सांगताच तिला सगळं दिसायला लागलं. डॉक्टरीण बाईंनी काचेच्या खोलीचं दार उघडून धरलं.

आत हवा कोंडलेली होती आणि हेडफोनला पंजाबरावच्या घामाचा ओलसरपणा होता. एरवी डिंपलनं ते हातात धरलं नसतं. आज तिनं निमूट कानांवर चढवलं. उजव्या कानात शिट्ट्या आल्या, जाड, बारीक, त्याहून बारीक, शेवटी मुंगीएवढ्या. तिनं भराभर बटण दाबलं. मग डावा कान. जाड शिट्टी आली. पुढची आली. आणि मग काही नाही. नुसतं तिचं स्वतःचं ते सूं. तिला वाटलं, मशीन बंद पडलं. तिनं काचेबाहेर पाहिलं. मशीन चालू होतं.

पंजाबरावइतकं नव्हतं ते, पुष्कळ कमी होतं. "आत्ता थांबलात तर इथंच राहील," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "पण गेलेलं परत येणार नाही."

परतीच्या एसटीत डिंपल खिडकीशी बसली. तिला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. हातमोजे घातले, मास्क लावला, टोपी वेगळी ठेवली, बाटलीवर बाटली स्पिरिट संपवलं. लोकांच्या मळाचा कणही कानाला लागू दिला नाही. आणि ज्याच्यानं कान मेला ते रोज स्वतःच्या हातानं पूर्ण मोठं करून आत घातलं. वर लोकांनाच नावं ठेवली. समोरच्या सीटवरचा माणूस मोबाईलचा स्पीकर मोठा करून काहीबाही पाहत होता, दर थोड्या वेळानं तेच किंचाळणं. डिंपलनं त्याला सांगितलं, "दादा, कमी करा." त्यानं वळून पाहिलं आणि आवाज होता तितकाच ठेवला. ती उठून ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दुकानाची रीत बदलली. बड आता ती कानात घालत नाही. दुसऱ्या मोबाईलच्या माइकपाशी धरते, त्यात आवाज मोजायचं ॲप आहे. काटा किती चढतो ते पाहते आणि गिऱ्हाईकालाही दाखवते. दुरुस्त केलेल्या फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाजाची मर्यादा लावते आणि तसं सांगते. पूर्वी ती आवाज वाढवायचं ॲप टाकून द्यायची, गावात त्याला फार मागणी. ते बंद केलं. "माह्या दुकानात नाही मिळत," एवढंच म्हणते.

याचा व्हायचा तो परिणाम झाला. पलीकडच्या दुकानातल्या अविनाशनं लगेच बोर्ड लावला, 'आवाज डबल करून मिळेल'. निम्मी रांग तिकडं वळली. सत्यभामाबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "लोकाईचे कान, लोकाईचं पाहून घेतील. तू काऊन आपलं गिऱ्हाईक तोडते?"

"आत्याबाई, आवाज वाढवून देऊ म्हणता? त्या पंजाबभाऊले मीच दिला होता वाढवून. एकदा आला होता, तेव्हा."

सत्यभामाबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवून तिच्या ताटात टाकली.

फोमचे बोळे तिनं बुलढाण्याहून आणून काउंटरवर ठेवले. बोटांनी चुरगाळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, आत सरकवून फुगेपर्यंत दाबून धरायचा, असं ती करून दाखवते. वरातीत नाचणाऱ्यांपैकी कोणी ते घेतले नाहीत. नवरा घोरतो म्हणून एका मास्तरणीनं घेतले, आणि मग तिच्या सगळ्या मैत्रिणींनी. खपले ते एवढ्यासाठीच.

उन्हाळ्यात एका लग्नाची वरात भर दुपारी दुकानासमोर अडली. ट्रॅक्टरवर स्पीकरची भिंत. दुकानाचा पत्रा थरथरत होता, काचेच्या कपाटातले स्क्रू डबीत नाचत होते. पुढं पोरं घामानं निथळत, एकमेकांच्या अंगावर पाणी ओतत, तोंडात गुटख्याचा लाल चोथा. आणि त्या भिंतीच्या अगदी पुढ्यात एक बाई कडेवर तान्हं घेऊन कौतुकानं नाच पाहत उभी. डिंपलनं आपले बोळे घातले आणि सरळ जाऊन त्या बाईचा दंड धरला. बाई काहीतरी बोलली, ते ऐकू येण्यासारखं नव्हतं. डिंपल तिला ओढत मागच्या गल्लीत घेऊन गेली.

"काय वं, काय झालं? नवरदेवाची चुलती आहे मी!"

"असाल. पन लेकराचे कान फोडून राह्यल्या तुम्ही."

"ते तर झोपलं होतं पाह्य. चांगलं शांत होतं."

तान्हं झोपलेलं नव्हतं. डोळे टक्क उघडे होते, ओठ निळसर दाबलेले, मुठी आवळलेल्या. गल्लीत शांतता लागल्यावर थोड्या वेळानं त्यानं एकदम टाहो फोडला. ती बाई डिंपलवरच चिडली, तिनं रडवलं म्हणून. लेकराला खांद्यावर टाकून पुटपुटत गेली. पण वरातीकडं नाही, घराकडं गेली. डिंपल भिंतीला टेकून उभी राहिली. लोकांना याचा आनंद कसा होतो, हे तिला तेव्हाही कळलं नाही, आताही कळत नाही.

पंजाबरावला पुढं एका शिबिरात कानाचं मशीन मिळालं. सुरुवातीला तो फार वैतागला. ताटात चमचा पडला की दचकायचा, प्लास्टिकची पिशवी कोणी चुरगाळली की दात खायचा. "एवढे घान आवाज असतात काय जगात?" तो छायाला विचारायचा. जीप त्यानं विकली. आता हर्षलच्या गाडीवर भाजीचे कॅरेट चढवतो, चालवायला बसत नाही. गाणी ऐकतो, घरी, हळू आवाजात, अर्धी कळतात, अर्धी जुन्या आठवणीवर भरून घेतो.

तानाबाईचा पाय वाकडा जुळला. ती पुन्हा त्याच जागी बसते. पंजाबराव दर बाजाराला तिचं ओझं रिक्षातून उतरवून देतो आणि हात जोडतो. ती एक शब्द बोलत नाही. एकदा डिंपल म्हणाली, "मावशी, माफ करून टाका ना आता. त्याले खरंच ऐकू आलं नव्हतं."

तानाबाई वांगी रचत होती. "तो काय म्हनते ते मले ऐकू येते," ती म्हणाली. "पन ते गानं अजून वाजते ना पोरी. परवा माह्या नातवाच्या वर्गातल्या पोरानं वाजवलं. त्याचं कोन येऊन माफी मागनार?"

तेवढ्यात काउंटरवर कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि खिशातून बड काढून टाकला. ती आत गेली, हातमोजे चढवले आणि म्हणाली, "इकडून बोला, उजवीकडून. काय झालं याले?"